शकुनाची वाटी

भगवानरावांनी वाटी खाली ठेवली तेव्हा तिच्यात एक शीतसुद्धा उरलं नव्हतं. दहीभात आणि वर चिमूटभर साखर. गोजरबाईंनी वाटी उचलून चुलीमागच्या कोनाड्यात पालथी घातली आणि मालकांच्या मिशीला लागलेलं दही पदराच्या टोकानं टिपून घेतलं. साठी उलटलेली दोघं, पण त्या घटकेला शेजारच्याच्या बोरी झोडपून आलेल्या पोरांसारखी दिसत होती.

"शेषानं इचारलं त काय सांगू?" भगवानरावांनी हळूच विचारलं.

"सांगा, काई खाल्लं नाई. शकुन का खान्यात धरतात?"

यात खोटं काही नव्हतं. या घरातून आजवर कोणी कोर्टात गेलं, परीक्षेला गेलं, सोयरीक पाहायला गेलं, तरी हातावर दही घेतल्यावाचून उंबरा ओलांडलेला नव्हता, आणि त्या दह्याला कोणी जेवण म्हटलेलं नव्हतं. हा गोजरबाईंचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं. आता शकुनाचा घास असतो एकच. तो आज वाटीभर झाला, कारण समोरचा माणूस कालच्या दिवेलागणीपासून उपाशी होता, आणि उपाशी माणसाला दारातून काढून देणं गोजरबाईंच्या हातून जन्मात झालेलं नव्हतं.

शेषरावानं काल सगळ्यांना बसवून बजावलं होतं. मोठेबाबांचं, म्हणजे भगवानरावांचं, अंतर्गळाचं ऑपरेशन, मलकापूरला, अकरा वाजता. रात्रीच्या जेवणानंतर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. गोजरबाईंनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? शेषराव डॉक्टर खरा, पण त्याचं शेंबडं नाक त्यांनीच पुसलं होतं. धाकटे दीर वामनराव यांचा हा मुलगा. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि त्या रात्रीपासून तो गोजरबाईंच्या पदराखाली झोपला. नागपूरला चार वर्षं शिकून एल.एम.पी. झाला, लढाईत फौजेच्या दवाखान्यात तीन वर्षं राहिला, आता पंचविशीचा होऊन परत आला, तरी त्यांना 'मोठी माय' म्हणायचं त्यानं सोडलं नाही. त्यांच्या पोटचा किसनराव कधी कधी रुसून म्हणायचा, की मी या घरात दत्तक आलो काय.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. अब्दुल गनी नांदुऱ्याहून आपली सर्व्हिस मोटार घेऊन आला होता. पूर्णेचं पाणी उतरलं होतं, पण उताराच्या वाळूत चाकं रुतली म्हणून त्याला उशीर झाला, आणि तो उशीर भरून काढायची त्याला घाई होती.

"पाटील, चला! ऊन चढून राह्यलं!"

"आलो बापा, जरा दम खाय," म्हणत भगवानराव जांघेवर हात दाबून ओसरीवर आले आणि मोटारीकडे न जाता सतरंजीवर बसले. "बसा सारे. मोटारीत बसाच्या आधी एक गोठ निपटवायची हाये. मानूस टेबलावर झोपते, उठते का नाई देवाले ठाऊक. शेषाचं काय ते आजच ठरवा."

गोजरबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. महिनाभर घरात जे धुमसत होतं, त्याचं झाकण मालकांनी आपल्या हातानं काढलं होतं.

वामनराव तयारीनंच आले होते. नांदुऱ्याच्या कापूसबाजारात त्यांची अडत होती. माणसाला बोलण्यात गुंडाळायची सवय होती. त्यांनी गोणपाटात बांधलेली एक पाटी सोडली आणि भिंतीला उभी केली. पांढऱ्यावर निळी अक्षरं. 'डॉ. शेषराव वामनराव, एल.एम.पी. सर्व रोगांवर इलाज केला जाईल.'

"स्टेशनच्या रस्त्यावर जागा घेऊन ठेवली, दादा," वामनराव म्हणाले. "समोर बाजार, मागं वस्ती. कापूस घेऊन गाड्या येतात, त्या तिथंच सुटतात. ताप घ्या, खोकला घ्या, हात मोडला, विंचू चावला, सारे इथंच येतीन. अन् हा म्हणते काय, मले मुंबईले जायचं. कायले? त भूल द्यायचं शिकाले! दोन वर्षं!"

"भूल म्हणजे ते हुंगवतात ते?" कौशल्याबाईंनी विचारलं. या दोघा भावांच्या मधली बहीण, संग्रामपूरला दिलेली, विधवा झाल्यापासून माहेरच्या प्रत्येक पंचायतीला हजर. "ते त कंपौंडर करते व माय! सगळ्या अंगाचा डॉक्टर झालेला पोट्टा, आता घंटाभराच्या झोपेचा डॉक्टर होईन? हे का पुढं जानं झालं? पाटलानं कोतवाली मागावी तसं झालं हे."

किसनराव हसला. पण तो शेषरावाच्या बाजूचा होता. "जाऊ द्या ना आत्या. फौजेत त्यानं हजार मानसं झोपवली अन् हजार उठवली. साहेबानं चिठ्ठी देल्ली त्याले. पह्यल्या तारखेच्या आत हजर व्हा म्हनते मुंबईवाले. अशी जागा पुन्हा भेटन का?"

"तू चूप बस. तुले वावरातलं समजते तेवढं पुरे," कौशल्याबाई म्हणाल्या.

शेषराव आतापर्यंत खांबाला टेकून उभा होता. खाकी कोट, हातात लहानशी चामड्याची पेटी. त्यानं पेटी खाली ठेवली.

"आत्या, एक सांगू? कापनारे आता पुष्कळ झाले. कापून राह्यले तवा मानूस जित्ता ठेवाले कोनी नाई. सर्जनसाहेबाचं ध्यान चाकूकडे. नर्सचं ध्यान साहेबाकडे. रोग्याच्या श्वासाकडे कोन पाह्यते? जो मोकळा असन तो. दरवान असला त दरवान. थेंब जास्त पडला त मेला, कमी पडला त टेबलावर उठून बसला."

"मंग तुले त येतेच ना ते? फौजेत शिकला ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"फौजेत धडधाकट जवान होते. मोठेबाबासारखा साठीचा मानूस, बाळंतीन, तान्हं लेकरू, दमेकरी, हे वेगळं असते. मुंबईले पह्यले सहा मह्यने हातात बाटलीच देत नाईत. नुसतं उशाशी उभं राह्यचं, नाडी धरायची, डोळ्याची बाहुली पाह्यची, दर पाच मिनिटाले कागदावर लिवायचं. मंग साधी ऑपरेशनं. दुसऱ्या वर्षी लेकरं अन् बाळंतिनी. आता नयी नळी आली, ती श्वासाच्या वाटेत घालतात. मंग परीक्षा. परत येईन तवा नागपूरपासून भुसावळपर्यंत मी एकटा असन. लय झालं त दुसरा एखादा."

"अन् पाटी कोनाची लागन?" वामनराव म्हणाले. "नाव कोनाचं होते? कापनाऱ्याचं. तुह्या नावानं कोनी कोंबडंबी आनून देनार नाई. सोयरीकवाले इचारतीन, पोरगा काय करते? काय सांगू? लोकायले झोपवते?"

"हाव. सांगा. अन् उठवते बी."

"शेषा!" वामनरावांचा आवाज फाटला. अडत्याचं गोड बोलणं संपलं होतं. "तुह्या मायले त्याच बाटलीनं मारलं! मी दाराच्या बाहेर उभा होतो. आतून तिले काळीनिळी करून बाहेर आनली. त्या बाटलीचा वास अजून माह्या नाकात हाये. अन् तू तीच बाटली हातात घेऊन जलम काढशीन? आज दादाच्या नाकाले तूच लावशीन? काऊन लागला रे आमच्या मागं?"

किसनरावाचं हसू मावळलं. त्यानं खाली पाहिलं आणि जरा वेळानं म्हणाला, "हे मात्र काकाचं खरं हाये, शेषा. लोक बी बोलतीनच." म्हणजे तोही गेला. कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेषराव एकटा पडला, आणि गोजरबाई दारातून ते पाहत होत्या. त्यांना मुंबईही नको होती आणि पोराचा पडलेला चेहराही बघवत नव्हता. माणसाचं मन असंच, दोन्ही दरडींवर पाय.

"म्हनूनच जातो," शेषराव म्हणाला. "त्या दिवशी तिथं शिकलेला मानूस उशाशी असता त माय वाचली असती."

"मानूस कुठला? तो मोतीराम कंपौंडर होता. हात थरथरनारा. पन मी सोडलं नाई त्याले. वरपर्यंत अर्ज केले. नोकरीतून काढलं, गावातून उठवलं."

"भाऊ, एक बोलू?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अब्दुल गनी पायरीशी आला होता. भोंगा वाजवून कंटाळला होता बिचारा.

"मोतीराम माह्या मोटारीत येते बाजाराच्या दिवशी. सुया, दोरे, बिब्बे इकते. सोळा साल झाले, पन दारूचा थेंब नाई अन् कोनाची चोरी नाई. अल्लाकसम, त्याची एकच गोठ हाये. म्हनते, 'गनीमियाँ, मी थेंब मोजून टाकत होतो. बाईच्या नाकातोंडातून भात आला. मी सांगतलं सायबाले, सांगतलं घरवाल्यायले, भात आला, भात आला. कोनीच मानलं नाई.' येडा झाल्यावानी तेच ते बोलते."

"झूट!" वामनराव ओरडले. "भात कुठून येईन? उपाशी होती ती. सायबानं मले इचारलं, अन् मी निंघतानाच वहिनीले इचारलं होतं. काय व वहिनी? तुमीच सांगतलं ना, काई खाल्लं नाई म्हनून?"

गोजरबाईंच्या डोळ्यांपुढे चुलीपुढचा पाट आला.

सोळा वर्षांपूर्वीची सकाळ. अन्नपूर्णा, त्यांची धाकटी जाऊ, छकड्यात बसायच्या आधी स्वयंपाकघरात आली होती. पोटात गाठ, अंगात त्राण नाही, चेहरा भेदरलेला. 'बाई, मले लय भेव लागून राह्यलं.' आणि गोजरबाईंनी तिला पाटावर बसवून दहीभात कालवला होता. ती नको म्हणत होती. अजून एक घास, माह्यासाठी एक, शेषासाठी एक. शेषासाठीचा घास तिनं लगेच खाल्ला होता. मग छकडं निघताना वामनभाऊजींनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, काही खाल्लं नाही. शकुन का खाण्यात धरतात? इतक्या वर्षांत त्यांना तो दहीभात आठवला तो समाधान म्हणूनच. बापडी गेली ती भरल्या पोटी गेली, दारातून उपाशी नाही गेली, असं त्या श्राद्धाच्या दिवशी दरवर्षी मनाशी म्हणत.

"भात?" शेषराव गनीकडे पाहत होता. त्याचा आवाज बदलला होता. "नक्की भात म्हनला तो? पांढरा? आंबूस वास?"

"दहीभात म्हनते."

शेषराव पायरीवरच बसला. मग तो बोलू लागला, पण जणू स्वतःशीच.

"आपन जागे असतो तवा गिळलेलं खाली राह्यते. उलटी आली त खोकतो, थुंकतो. भुलीमधे मानसाचा गळा बी झोपते. पोटातलं वर येते अन् श्वासाच्या वाटेनं फुफ्फुसात उतरते. मानूस पान्याबाहेर बुडून मरते. त्यात भेलेल्या मानसाचं पोट चालत नाई, घंटे घंटे अन्न जसंच्या तसं पडून राह्यते. म्हनून उपाशी ठेवतात. बाटलीनं नाई गेली माय. भातानं गेली."

"पन खाऊ घातलं कोनी?" कौशल्याबाई म्हणाल्या. "घरात तवा होतं कोन? आपल्या मानसाले कोन असं करन?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला ओसरीवर एकच बाई होती. तिनं चौकट घट्ट धरली होती. समोर भगवानराव तिच्याकडेच पाहत होते. चाळीस वर्षांच्या संसारात नवराबायकोंना बोलावं लागत नाही. आजची वाटी त्यांना ठाऊक होती, आणि त्या वाटीवरून सोळा वर्षांपूर्वीची वाटी ओळखायला त्यांना क्षण लागला नाही.

भगवानराव उठले. "चला. लय झाल्या गोठी. येळ झाला. गनी, दार उघड."

"दादा, पन पोराचं..."

"परत आलो की पाहू. उठ शेषा."

ते पायऱ्या उतरले. एक हात जांघेवर, दुसरा किसनरावाच्या खांद्यावर. मागे वळून पाहिलं नाही. आणि गोजरबाईंना कळलं, की हा माणूस आपली अब्रू झाकायला पोटात भात घेऊन टेबलावर झोपायला निघाला आहे. एक शब्द बोलणार नाही. पाटलाच्या तोंडून गेलेला शब्द आणि न गेलेला शब्द, दोन्ही तेवढेच पक्के.

बोललं नाही तर हा माणूस जातो. बोललं तर पोरगा जातो. सोळा वर्षं ज्याला छातीशी धरलं, त्यानं उद्या विचारलं, की माझ्या आईला मारून मला पदराखाली घेतलंस का, तर काय सांगायचं? गोजरबाईंच्या मनानं तेवढ्यात सगळ्या पळवाटा पालथ्या घातल्या. आज एवढाच तर भात, कदाचित जिरला असेल. मारुतीला नवस बोलू. मोटार वाळूत रुतली तर उशीर होईल, दुपार होईल. देवा, मोटार रुतू दे.

मोटारीच्या दाराशी शेषरावानं मोठेबाबांचं मनगट धरलं, नाडी पाहिली आणि नेमानं विचारलं, "काई खाल्लं-पेलं नाई ना?"

"नाई," भगवानराव म्हणाले.

"थांब!"

गोजरबाई अनवाणी अंगणात आल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, आणि पुरुषमंडळींसमोर तो सावरायचं त्यांना सुचलं नाही. हातात वाटी होती. कोनाड्यातून ती केव्हा काढली, हेही त्यांना आठवत नव्हतं. वाटीच्या कडेला दही वाळून चिकटलं होतं.

"खाल्लं हाये त्यायनं. मी खाऊ घातलं. वाटीभर."

"काय बोलून राह्यली तू!" भगवानराव गरजले. "येडी झाली का? जा घरात!"

"नाई जात. शेषा, खाल्लं हाये. नेऊ नको यायले."

शेषराव तिच्याकडे बघत राहिला. मग घरचा पोरगा कुठेतरी मागे सरला आणि डॉक्टर पुढे आला. तो थंडपणे बोलला.

"किती वाजता?"

"साडेसात झाले असतीन. तू आंघोळीले गेला होता तवा."

"काय काय?"

"दहीभात. साखर. अन् वरून तांब्याभर पानी."

"मी सांगतलं होतं ना, मोठी माय?"

"सांगतलं होतं. मले वाटलं शकुन हाये. शकुन कोनी खान्यात धरत नाई, बापा."

शेषरावानं खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. "गनीभाऊ, मोटार बंद करा. आज ऑपरेशन नाई. मी साहेबाले निरोप देतो. उद्या." एवढं बोलून तो थांबला. त्याची नजर वाटीवर होती. पुढचा प्रश्न त्याच्या ओठावर आलेला सगळ्यांना दिसला आणि कोणीच त्याला अडवू शकलं नाही.

"अन् माह्या मायले?"

"तिलेबी," गोजरबाई म्हणाल्या. "याच वाटीत. ती नको म्हनत होती. मी तुह्या नावानं शेवटचा घास भरवला."

मग वामनराव पुढे आले. त्यांचा हात वर गेला होता. थोरल्या भावजयीवर, जिला ते आईच्या जागी मानत आले, तिच्यावर. किसनरावानं तो हात मधेच धरला आणि वामनराव तसेच खाली मातीत बसले. "मी अर्ज केले," ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. "पाच अर्ज केले मी त्या मानसावर. बायकोपोरासकट उठवलं त्याले."

शेषराव अंगणातल्या निंबाकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. गोजरबाईंना वाटलं, त्यानं ओरडावं. शिव्या द्याव्यात. लहानपणी रागावला की तो असाच पाठ करायचा, आणि मग त्या गुळाचा खडा घेऊन जायच्या. आज त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं. खाऊ घालण्यापलीकडे माया करायची दुसरी रीत त्यांना कोणी शिकवलीच नव्हती, आणि तीच त्यांच्या अंगावर उलटली होती.

"वैनी," कौशल्याबाई जवळ आल्या. त्यांनी गोजरबाईंच्या डोक्यावर पदर सारखा केला. "तुह्या जागी मी असती त मीबी हेच केलं असतं व. माह्या घरचा मानूस गेला तवा शेवटच्या दिवशी मीबी..." त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. घरोघरी मातीच्या चुली, आणि चुलीमागे कोनाडे.

भगवानरावांनी पायरीवर बसून घेतलं होतं. पाहता पाहता म्हातारा दहा वर्षांनी थकला, पण घराचा कर्ता तोच होता.

"वामन, ऐक. ती पाटी गोणपाटात बांध. शेषा जाईन मुंबईले. सर्व रोगांवर इलाज करनारे लय भेटतीन. माह्या घरात दोन मानसं खाऊ घालून मारायची येळ आली, अन् आमाले कोनालेच ठाऊक नोतं. ज्याले ठाऊक हाये त्याले शिकू दे."

वामनरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. उठून त्यांनी पाटी पालथी करून भिंतीला टेकवली. निळी अक्षरं भिंतीकडे झाली. मग ते गोजरबाईंसमोर येऊन उभे राहिले, डोळे वर न करता.

"वहिनी, तुमच्यासंगं मी आज नाई बोलू शकत."

"नका बोलू, भाऊजी. पन मोटार हाये दारात. मले मोतीरामाच्या घरी न्या. तुमी तोंड उघडू नका. मी बोलन."

चाळीस वर्षांत मालकांच्या परवानगीवाचून ती बाई शिवेबाहेर गेली नव्हती. आज तिनं मालकांकडे पाहिलंही नाही. आत गेली, पायांत वहाणा घातल्या आणि मोटारीत मागच्या बाकावर जाऊन बसली. मांडीवर ती वाटी. मोतीरामाला काय सांगायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. भात आला होता, एवढं सांगितलं तरी पुरे होतं. वामनराव पुढे, गनीच्या शेजारी बसले. दोघांमध्ये पत्र्याची आडभिंत होती तेवढंच अंतर, आणि ते कधी मिटेल असं तिला वाटत नव्हतं.

गनीनं मोटारीपुढे जाऊन दांडा फिरवला. मोटार धडधडू लागली. तेवढ्यात शेषराव निंबाखालून आला. डोळे लाल होते. तो मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. त्यानं तिच्या मांडीवरची वाटी उचलली आणि हातात फिरवून पाहिली.

"तुह्यावर मले किती राग हाये ते मले अजून समजलं नाई," तो म्हणाला. "समजलं की सांगन. तुले ऐकावं लागन."

"ऐकीन."

"आज तू बोलली नसती त अकरा वाजता मोठेबाबा माह्या हातानं गेले असते. मी त्यायलेच इचारलं. ज्यानं खाल्लं त्याले. हे मले कोनी शिकवलं नोतं, अन् मुंबईवालेबी शिकवनार नाईत. इचारायचं ते जिनं चूल पेटवली तिले."

गोजरबाईंनी रिकाम्या मांडीवर दोन्ही हात ठेवले.

"दिवे लागायच्या आत परत ये," शेषराव म्हणाला. "मोठेबाबाचं जेवन संध्याकायी सहाले, तुह्या हातचं. त्याच्यानंतर उद्या सकायपर्यंत त्यायच्या खाटेपाशी तू बसायचं. पान्याचा थेंब जाऊ द्यायचा नाई. किसन मागन, आत्या रडन, मोठेबाबा सोता शिव्या देतीन. कोनाचं ऐकायचं नाई. हे काम मी दुसऱ्या कोनाले सांगत नाई, मोठी माय. दुसऱ्या कोनाचा मले भरोसा नाई."

त्यानं वाटी आपल्या कोटाच्या खिशात घातली आणि पायरीवरून खाली उतरला.